दुसऱ्या भागातला दुष्काळ

एखाद्या गेमचा नवा भाग आला की मी एकच प्रश्न विचारायचो: यात नवं काय? एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी व्हिडिओ गेम्सवर लिहितो. पोटापाण्याची नोकरी पुण्यात, वेगळीच. हे लिहिणं हौसेचं. पण हौसेच्या कामात माणसाचा तोरा जरा जास्तच असतो. कंपन्या पहिल्याच भागावर रंगाचा एक हात मारतात, नायकाच्या अंगात नवं जाकीट घालतात, नावापुढे दोनाचा आकडा लावतात आणि तोच माल पुन्हा आपल्या गळ्यात मारतात, हे मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी संपादकबाई म्हणाल्या, "तुमचे लेखसुद्धा आता पुढचे भागच वाटायला लागलेत." मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, छावणीत राहत होते. आमचं गाव कडा या बाजारगावाच्या अलीकडे. पावसाने लागोपाठ दगा दिला होता आणि गावच्या दूध संस्थेने माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. शेडनेटच्या सावलीत गावातल्या सगळ्या घरांची जनावरं ओळीने बांधलेली आणि प्रत्येक दावणीपाशी त्या घरचं एक माणूस मुक्कामाला. आमच्या दावणीला बैलजोडी आणि एक तांबडी गाय होती. गाय म्हातारी झाली होती. दूध नावापुरतं द्यायची. आईसकट सगळे म्हणत होते, विकून टाका. आबांचा हिशोब साधा होता: पाऊस पडेपर्यंत छावणी चालली तर तांबडी तगेल. मधेच बंद झाली तर दोन बैलांच्या वैरणीत तिला वाटा मिळणार नाही. त्यामुळे छावणी कधीपर्यंत चालणार, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्यांचा गुडघा सुजला म्हणून मी ऑफिसचं काम घेऊन गावी आलो. मी दावणीपाशी बसावं आणि आबांनी घरी जाऊन पडावं, असं ठरलं होतं. आबा घरी गेलेच नाहीत. बाजेवर पडून मलाच हुकूम सोडायला लागले, ऊस बारीक तोड, पेंड भिजव, बैलाला उन्हातून सरकव. ऑफिसचं काम उरकलं की माझ्याकडे एक गेम तपासायचा राहिला होता. शेतीच्या एका गाजलेल्या गेमचा दुसरा भाग. आपल्याला एक शेत मिळतं, नांगरायचं, पेरायचं, जनावरं पाळायची, माल विकायचा. छावणीच्या कारकुनाच्या तंबूत लाइट होती, तिथून मी वायर ओढली. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून बैलगाडीखाली जागा केली आणि दोन्ही बाजूंनी गोधड्या सोडल्या.

गाडीखाली घुसून हा काय करतो, हे बघायला माणसं आली आणि तिथेच बसली. टँकर येऊन गेला की दुपारभर छावणीत कुणालाच काम नसायचं. तुलनेसाठी मी आधी पहिला भाग लावला. दोन दिवसांत तो गेम माझ्या हातात फक्त नावाला उरला. बटणं मी दाबायचो, शेती ते करायचे. संस्थेचे जुने सेक्रेटरी मांडी घालून पुढे बसायचे. जन्मभर वार्षिक सभा चालवलेला माणूस, त्यांना दुसऱ्या रीतीने काही जमत नव्हतं. ज्वारी पेरायची की कापूस, यावर ते सूचक मागायचे, मग अनुमोदक, मग सगळे "मंजूर, मंजूर" म्हणायचे आणि मी पेरायचो. पडद्यावर एक तांबड्या रंगाची गाय होती. ती आबांची, हेही असंच सभेत मंजूर झालं होतं.

मला यातली गंमत कळत होती आणि थोडी लाजही वाटत होती. पुण्याच्या मित्रांना मी फोटो पाठवले नाहीत.

एकदा मी त्यांना माझं नेहमीचं गाऱ्हाणं ऐकवलं. म्हटलं, दुसऱ्या भागात काहीच नवं नसतं, लोकांना फसवतात.

"पहिला भाग वाईट हाय का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही, चांगला आहे."

"मंग दुसरा कावून काढला?"

पलीकडच्या दावणीचा शेतकरी होता, फटकळ. तो म्हणाला, "त्याच मानसाला दर टायमाला चेअरमन करतो आपण. तवा कुनी इचारतं का नवं काय हाय म्हणून? आन गेम मात्र नवा पायजे."

सेक्रेटरी सोडून सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते पटलं नव्हतं. नव्याचा आग्रह धरणं हे माझं काम आहे, असं मला मनापासून वाटायचं.

दुसरा भाग मी एकट्याने एका सकाळी खेळून बघितला. पहिल्या अर्ध्या तासात वैतागलो. तोच बांध, तीच विहीर, कोंबड्यांचा रंग तेवढा बदललेला. लेखात काय झोडपायचं हे मनात ठरतही आलं होतं. आणि मग गेममधला पाऊस थांबला. तळं खाली जायला लागलं, जमीन पिवळी पडली. चारा महाग झाला. कंपनीने या भागात दुष्काळ घातला होता. मी सरसावून बसलो. आता प्रत्येक निर्णयाला किंमत होती. पहिल्याच झटक्याला जनावरं विकून टाकली आणि त्या पैशात बोअर घेतलं तर माणूस तरत होता. मी तसं केलं, तरलो, आणि पेंडीच्या पोत्यावर बसून तिथल्या तिथे लेख लिहिला. 'अखेर काहीतरी नवं' असं शीर्षक दिलं. आत लिहिलं: दुष्काळ हा या भागाचा प्राण आहे, पाणी आटत जातं तशी रंगत वाढत जाते, आणि म्हातारी जनावरं वेळीच विकण्याचा धाडसी निर्णय खेळाडूला खरा आनंद देऊन जातो.

हे लिहीत असताना टँकर आला होता. बादल्यांचा आवाज होत होता. तांबडी माझ्यापासून चार हातांवर रवंथ करत होती. मला काहीही खटकलं नाही. लेख पाठवला आणि छान झाला म्हणून स्वतःवर खूश होऊन मी चहा प्यायला गेलो.

दुपारी सभा भरली. मी दुसरा भाग लावला. पडद्यावरचा पाऊस थांबला. फटकळ शेतकरी एवढंच म्हणाला, "हितं बी हेच का बे?" पण कुणी हातपाय गाळले नाहीत. काय करायचं हे त्यांना माहीत होतं. सेक्रेटरींनी सूचना मांडली, जनावरं छावणीत न्यावीत. आबांनी गाडीच्या तोंडाशी ओढलेल्या बाजेवरून अनुमोदन दिलं. मंजूर झालं.

मी म्हणालो, "या गेममध्ये छावणी नाही."

"दुष्काळ हाय म्हणल्यावर छावणी असनारच," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही ओ. विकायची असतात जनावरं. मी खेळून बघितलंय."

"तू गडबडीत बघितलं असंल. संस्थेची जागा गावाभाईर असती. रस्ता धर."

आबांनीही मान हलवली. मी गुरं रस्त्याला लावली. वाटेत पाणी नव्हतं. गावाबाहेरचा माळ आला, तो रिकामा होता. कुणीतरी म्हणालं, नदीच्या पल्याड असेल. नदी ओलांडली, ती कोरडीच होती. तिथून डोंगराच्या पायथ्याला. गोधडीच्या आत सगळे पुढे सरकून बघत होते, तंबू दिसतोय का, शेडनेट दिसतंय का. नकाशा संपला. पुढे नुसता राखाडी रंग होता. जनावरं एकेक करून खाली बसली. तांबडी सगळ्यांत शेवटी बसली.

"उठव तिला," आबा म्हणाले.

मी बटण दाबलं.

"दाब की पुन्हा."

मी दाबत राहिलो. ती उठणार नव्हती, हे मला माहीत होतं. आबा बाजेवरून उतरले, लंगडत खऱ्या तांबडीपाशी गेले आणि तिच्यापुढे पाण्याची बादली सरकवून उभे राहिले. गाय नुकतीच पाणी प्यायली होती. तिने तोंडही लावलं नाही. माणसं उठून आपापल्या दावणीला गेली. लेख थांबवा म्हणायला मी तंबूत जाऊन संपादकबाईंना फोन लावला, पण पुरवणी छपाईला गेली होती.

रविवारी कड्याहून येणाऱ्या एसटीने पेपर आला. मी टँकरवर पाणी भरून परतलो तर आबा चहाच्या टपरीवरून पुरवणी घेऊन आले होते आणि गाडीपाशी माणसं गोळा झाली होती. दर वेळी आबा माझा लेख गावात दाखवत हिंडतात, हे आईकडून ऐकून होतो. समोर कधी पाहिलं नव्हतं.

"पोराचं छापून आलंय," ते म्हणाले. "आपल्याच गेमवर हाय. वाच रे."

मी उभा राहून वाचायला लागलो. कोंबड्यांचा रंग वाचला, तोच बांध, तीच विहीर वाचली. पुढचा परिच्छेद डोळ्यांसमोर आला. मी तो गाळला आणि एकदम शेवटच्या ओळीवर गेलो. वाचून झाल्यासारखी पुरवणी मिटली.

"मधलं ऱ्हायलं," आबा म्हणाले.

म्हणजे त्यांनी आधीच वाचलं होतं.

"जाऊ द्या ना आबा."

"लिव्हलंय ते वाच."

मी वाचलं. प्राण वाचला, रंगत वाचली, धाडसी निर्णय आणि खरा आनंद वाचला. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. फटकळ शेतकरी काहीतरी टोचून बोलेल, अशी मी वाट बघत होतो. मला तेच हवं होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "लई चांगलं लिव्हतो तुजा पोरगा." सेक्रेटरींनी मान डोलावली. आबांनी पुरवणीची नीट घडी केली आणि उशाखाली ठेवली, दर वेळी ठेवतात तशी.

संध्याकाळी वैरण टाकताना त्यांनी विचारलं, "तुजं लिव्हलेलं कंपनीवाले वाचत्यात का?"

"नाही. त्यांना मराठी येत नाही."

"तरी कळव त्यास्नी. पुढच्या भागात छावणी टाका म्हणावं. चूक न्हाई काडत आपुन. माहीत नसंल त्यांना."

मी कळवतो म्हणालो. पुण्याला गेल्यावर एकदा बसलोही लिहायला. छावणी म्हणजे काय, हे परक्या माणसाला सांगताना सुरुवातच जमेना. उद्या लिहू म्हणून ठेवलं ते राहूनच गेलं. छावणी पावसाच्या आधीच बंद झाली. आबांनी फोनवर आधी गुडघ्याचं सांगितलं, मग आईच्या तब्येतीचं, आणि शेवटी, तांबडीला बाजार दाखवला, असं म्हणाले. गिऱ्हाईक कोण होतं ते मी विचारलं नाही.

आता त्या गेमचा तिसरा भाग आलाय. यात पूर आहे, पवनचक्की आहे, कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बदलता येतो. दुष्काळही ठेवलाय, लोकांना आवडला म्हणून. लेख अजून लिहायचा होता; मी नुसती गुरं घेऊन हिंडत होतो. माळ बघितला, नदीपलीकडे गेलो, पायथ्याला गेलो. पुढे पुन्हा तोच राखाडी रंग. त्याच दुपारी आबांचा फोन आला.

"तिसरा भाग आला म्हणं तुज्या त्या गेमचा. सेक्रेटरीच्या नातवानं सांगितलं."

"हो."

"छावणी हाय का त्यात?"

"आहे," मी म्हणालो.

"कोन चालवतंय?"

"संस्था."

"पानी?"

"टँकर येतो रोज."

"पाऊस पडूस्तोर चालती, का मदीच बंद करत्यात?"

"पडेपर्यंत चालते, आबा."

"मंग लिव्ह तसं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "ह्या टायमाला खरंच नवं हाय."

मी हो म्हणालो. आबा रविवारची पुरवणी वाचल्याशिवाय राहत नाहीत.