लवंगेच्या तेलातलं सिमेंट

सुपेल्याच्या चौकात माझं सिमेंटचं दुकान होतं. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, खुर्सीपारला रोज नव्या भिंती चढत होत्या, आणि माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकलेलं नव्हतं. उजवीकडच्या दाढा तोवर पडून गेलेल्या. भाकर चावायला डावीकडे एकच उरली होती, आणि ऐन पावसाळ्यात तीच ठणकू लागली.

बाजारातला दातांचा डॉक्टर नागपूरकडचा. त्याचा दवाखाना माझ्याच सिमेंटचा.

"नस काढतो आन् मुळात सिमेंट भरतो," तो म्हणाला.

"सिमेंट मले शिकवता?"

"हे लवंगेच्या तेलातलं आहे शेठ. याले बुरशी धरत नाही."

त्याने काचेवर पडून राहिलेला जुना गोळा दाखवला. ओलीने शेजारच्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव आलेली, गोळा मात्र कोरा. माझ्या गोदामात पोती बुरसत होती, दगड होत होती. मी भारावलो. पुन्हा पुन्हा विचारून "नाही धरत" हे त्याच्याकडून वदवून घेतलं. आमच्या धंद्यात याला हमी म्हणतात.

दिवाळीच्या आत गाल फुगला. दाढ काढावीच लागली. डॉक्टरने ती फोडून माझ्यासमोर धरली. मुळात पांढरं सिमेंट जसंच्या तसं, वर लवंगेचा वास.

"पाहा शेठ, बुरशीचा ठिपका नाही. सिमेंट पक्कं आहे. खालचं हाड सडलं, त्याले मी काय करू?"

तोंडातला कापूस गालात सारून मी ओरडलो, "मले सिमेंट वाचवायचं होतं का? दाढ वाचवायची होती!"

"मागच्या पावसात माह्या या भिंतीले तडा गेला, तवा तुमीच म्हणले ना, सिमेंट पक्कं आहे, जमीन खराब आहे?"

बाकावरचे पेशंट खदाखदा हसले. जमीन खरंच खराब होती. काळी माती, पावसात फुगते, आणि त्याने पाया उथळ घेतलेला. हे मी कोणालाही पटवून दिलं असतं. पण तोवर तोंडात रक्त भरलं होतं आणि त्याने दुसरा कापूस कोंबला.

दाढ मी मागून आणली. बायको म्हणाली, "हे हाडूक कावून घरात ठेवून राहिले?" मी तिच्यावरही खेकसलो.

तंबाखूच्या डबीत ती दाढ अजून आहे. दर पावसाळ्यात चपला बुरसतात, लोणचं बुरसतं. डबी उघडली की सिमेंट पांढरं. भाकर मी वरणात कालवून गिळतो.