किल्ली आम्हाला नाही, दूध मात्र उतू गेलं

मंडळी, मोटेलच्या पार्किंगमधून लिहितेय. डोकं फिरलंय.

आज केलीव्हिल उपनगरात आम्ही घेतलेल्या घराची किल्ली मिळणार होती. घर विकणारी स्नेहा इथल्या मराठी मंडळातलीच. वकील म्हणाला होता, उशीर झाला तर दंड, अशी अट ठेवा. मीच म्हटलं, नको, आपलीच माणसं आहेत.

सकाळी भाड्याचं घर सोडलं, ट्रक भरला आणि तिचा फोन आला. "अगं, आमच्याच नव्या घराची सेटलमेंट अडकली, ताबाच मिळाला नाही. कोविडमुळे बँकेत माणसंच नाहीत." वर मीच तिला धीर दिला!

लॉकडाऊनमध्ये राहायला कुणाकडे जाणार? म्हणून मोटेल.

दुपारी मंडळाच्या ग्रुपवर तिने टाकलेला फोटो आला. नवं स्वयंपाकघर, शेगडीवर उतू जाणारं दूध.

फोन केला तर म्हणते, "पूजेचा मुहूर्त आजचा होता, पण सामान हलवायचा सोमवारचा निघाला. तोवर जुन्या घरातच राहावं लागेल ना! खरं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ऐकलं असतं गं. एकदा विचारायचंस तरी.

फोटोतलं ते पातेलं गृहप्रवेशासाठी मीच तिच्या दारात ठेवून आले होते. त्याच्या जोडीचं माझ्या मांडीवर आहे. सोमवारी तिच्या हातून किल्ली घेताना, सांगा, मी काय बोलू?