गव्हल्यांचं ओर्झो करणारं बेळगाव

आक्काचा फोन आला आणि माझा रविवार बोंबलला. आक्का म्हणजे माझी मावसबहीण. निपाणीहून चिकोडीकडे जाताना तिचं गाव लागतं. तिनं नि तिच्या जावांनी कणकेचे हातानं वळलेले तांदळाएवढे गव्हले आणि नखानं दाबलेले नखुले बेळगावातला एक नवा कॅफे घेऊ लागला होता. मेनूकार्डावर हीच नावं राहतील, असा शब्द मालकानं दिला होता. "मान्सं नावानं मागत्यात का, येवढंच बघून येऊया," आक्का म्हणाली.

कोल्हापूरहून निघालात तर कोगनोळीचा टोलनाका ओलांडेपर्यंत पोट रिकामं ठेवा. निपाणीत आक्का गाडीत बसली; स्टँडजवळ भजी आणि चहा, शंभराच्या आत दोघींचं भागलं. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, तवंदी घाटात घाई करू नका. आक्का नव्या मालाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मागं ठेव म्हटलं, तर "चुरा हुतोय," म्हणाली.

बेळगावात पाटीवर कुठली भाषा वर नि कुठली खाली, यावरून डोकी फुटतात. या कॅफेच्या कार्डावर मात्र वरपासून खालपर्यंत इटली पसरली होती आणि कुठल्याच भाषेच्या कैवाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गव्हल्यांचं ओर्झो झालं होतं, नखुल्यांचं ओरेकिएते.

मालक बेळगावजवळच्याच मच्छे गावचा, वागायला गोड. "आक्का, गव्हले म्हटलं की लोकं लग्नातल्या खिरीच्या गप्पा काढत्यात. ओर्झो कसं, इंग्लिश वाटतंय."

"ते इटालियन आहे," मी म्हटलं.

"आता इंग्लिशच की वो ताई. डिक्शनरीत हाय!"

खरंच आहे. इंग्रजीनं पेने, फार्फाले ही पास्त्याची नावं इटलीतून जशीच्या तशी उचलली. पिसाच्या लेखण्या आणि फुलपाखरं म्हणत कुणी बसलं नाही. ओर्झो म्हणजे तर जव, आणि करतात गव्हाचा! तरी तो साहेब. आमचे गव्हले गव्हाचेच, म्हणून गावंढळ. आपल्या शेवयांच्या पुड्यावरही व्हर्मिसेली छापलेलं असतं. त्याचा अर्थ बारके किडे, पण इंग्रजीच्या दारातून आले म्हणजे सोवळे!

आक्कानं कार्ड मिटलं. "नाव घालणार का न्हाय?"

"फुडच्या कार्डावर बघू की."

"मग मालबी फुडच्या कार्डावर." पिशवी काखेला मारून ती उठली. तो गाडीपर्यंत आक्का, आक्का करत आला. तिनं काचसुद्धा खाली केली नाही. एवढं एकच गिऱ्हाईक होतं तिला. परतीच्या वाटेवरही पिशवी तिच्या मांडीवरच होती.

घरी येऊन पंधरवडा झाला. कॅफेत आता पुड्यातला ओर्झो येतो आणि धंदा झकास चाललाय म्हणे. बेळगावला जरूर जा, रस्ता होईल चांगला. मला मात्र अजून त्या माणसाचा राग येतो. काल आक्काचा फोन आला. शेजारच्या पोरीच्या रुखवतात तिनं सगळा माल मांडला होता, फुकट.

"दाना इकला न्हाय गं," ती म्हणाली, "पर हुंबऱ्यात पाय ठिवल्या ठिवल्या म्हाताऱ्या वरडल्या, आगं, गव्हले!"