दवंडीचा कागद
नातीच्या पुस्तकांना कव्हरं घालायला खळ शिजत होती आणि त्या वासानं मी पुन्हा पनवेलच्या मामलेदार कचेरीत जाऊन बसलो. तिथं मी कारकून होतो. भरतीनं फुटलेले मिठागरांचे बांध दुरुस्त करायला सरकारनं दिलेलं जुनं तगाईचं कर्ज माफ व्हायचं होतं, फक्त अर्ज मुदतीत यायला हवा होता. ओवे गावात दवंडी पिटायचा हुकूम माझ्याच हातून रद्दी कागदांबरोबर घरी आला आणि मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकाला चिकटला. कव्हर सुटलं तेव्हा आतून तो दिसला, पण मुदत उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी फायलीवर ‘दवंडी दिली’ असा शेरा मारला. पुढच्या आठवड्यात ओव्याहून एक म्हातारी चालत आली. मिठानं तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या. “सायब, दवंडी झालीच नाय.” “झाली होती, बाई. तुम्ही कामावर असाल,” मी म्हणालो. “आसंल. आमी मिठागरावं व्हतो. चूक आमचीच हाय,” ती म्हणाली आणि मला हात जोडून निघून गेली. “आजोबा, लावा ना कागद,” नात म्हणाली. मी तो उलटून आतली बाजू वाचत होतो. कोराच होता.