पत्रूने ठेवलेली मरळ

आरमोरीजवळच्या एका गावात पत्रू ढिवर राहायचा. जाळं टाकावं तर पत्रूनेच, असं गाव म्हणे, आणि पत्रूला ते पुरेपूर पटलेलं होतं. सत्तावन्न साली आरमोरीला मासळीचं सरकारी शिबिर भरलं, तेव्हा पन्नाशीचा हा गडी पोरासोरांत पाटीसमोर बसला खरा, पण मान खाली घालून.

गुरुजी म्हणाले, "रोहूचं बीज, म्हणजे बोटाएवढीही नसलेली पिल्लं, सोडण्याआधी तळ्यातली मरळ काढा. ती बीज गिळते." पत्रूला प्रश्न पडला. पावसाळ्यात मरळ पिल्लं घेऊन फिरते, आणि लेकुरवाळ्या मरळीवर ढिवर जाळं टाकत नाही. मग करायचं काय? विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, पिल्लं व्हायच्या आधी, उन्हाळ्यातच काढा. पण विचारायचं म्हणजे येत नाही हे कबूल करायचं. शहाण्याने नुसती मुंडी हलवली.

पावसाळ्यात त्याच्या मेहुण्याने, बुधूने, कावडीवर बिजाची मडकी आणली. आतलं बीज गुदमरू नये म्हणून विसाव्यालाही मडकी हलवत राहावी लागतात. पत्रूने बीज गावच्या तळ्यात सोडलं, मरळ तशीच राहू दिली. चौथ्या दिवशी गळाला लागलेली मरळ चिरली, तर पोटात बीजच बीज. त्याने ती गुपचूप पुरून टाकली.

पुसाच्या महिन्यात गावाने तळ्यात जाळं ओढलं. रोहू औषधालाही नाही. नजरा आपल्याकडे वळल्या तसा पत्रू बोलून गेला, "बीज मडक्यातच मेलं होतं. बुधूनं मडकी हलवलीच नाई." तेव्हापासून बुधूला तळ्याच्या कामात कोणी घेईना. तो एका शब्दाने भांडला नाही, आणि त्याचं ते गप्प राहणं पत्रूला आतून खात राहिलं. बुधू समोरून आला की हा वाट बदलायचा.

पुढच्या साली पुन्हा शिबिर भरलं. गुरुजी म्हणाले, "पत्रूभाऊ, तुम्ही जुने. मागच्या साली काय चुकलं ते नव्यांना सांगा." नव्यांत, सगळ्यांत मागे, न बोलावता आलेला बुधू बसला होता. पत्रू उठून उभा राहिला.

"बीज चांगलंच होतं," तो म्हणाला. "मरळ मीच ठेवली. गुरुजीले इचाराची लाज वाटली मले. अन् नाव घेतलं बुधूचं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुट्टी झाल्यावर तो शिव्या खायच्या तयारीनेच बुधूजवळ गेला.

बुधू खाली बघत म्हणाला, "भाऊजी, मले तं वाटे, वाटेत माहा डोळा लागला असंल अन् मडकी हलवाची राह्यली असंल. म्हणून तं इथी शिकाले आलो."