करडाच्या मापाचं झबलं

भांडण दोन म्हाताऱ्यांचं होतं आणि पिवळ्या लोकरीवरून होतं. मैनाबाई तेव्हा विशीच्या आतबाहेर, बाजेवर पडून होती. तिची सासू सखुबाई आणि सासूची धाकटी बहीण तुळसामावशी, दोघी चुलीपाशी. मध्ये नुसता गोणपाटाचा आडोसा. म्हाताऱ्यांना वाटलं, सून झोपली.

"लोकर कुणी आणली? तू आणली. पोटातल्या लेकराला कुणी नवं आणतं का? सटवाईला सांगावा धाडल्यासारखं!"

"मी नुसती आणली. विणायला तू बसवलंस सुनेला. तेही दारात, आल्यागेल्यानं बघावं म्हणून!"

"मी बसवलं? मी?"

"नाही तर काय तुझ्या सासऱ्यानं बसवलं?"

सासऱ्याला जाऊन जमाना झाला होता. मैनाबाईला तसल्या वेळीही फसकन हसू आलं, आणि हसण्याच्या पाठोपाठ रडू. तिचं पहिलं मूल जन्मल्या दिवशीच गेलं होतं. पिवळं झबलं विणलं होतं तिनंच. पण दोघी म्हाताऱ्या एकमेकींना बोल लावत राहिल्या, सुनेचं नाव एकीनंही घेतलं नाही. हा त्यांचा मोठेपणा मैनाबाई कधी विसरली नाही. आणि दुसरी एक गाठ तिनं मनाशी मारली ती अशी, की बाळ रडल्याचं कानानं ऐकल्याशिवाय बाळासाठी सुई हलवायची नाही. पुढं लता झाली ती सखुबाईच्या विटक्या लुगड्याच्या धडप्यांत गुंडाळलेली, आणि ठणठणीत जगली. गाठ आणखी पक्की बसली.

बाकी तिची सुई कधी थांबली नाही. नाशकात द्वारका नाक्याजवळच्या त्यांच्या चाळीत मैनाबाईच्या हातची लोकर अंगावर नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. शाळा दुसरीपर्यंत. विणकाम शिकवलं कुणी नाही. ती विणी रस्त्यावरून उचलायची. समोर कुणाच्या पाठीवर नवा स्वेटर दिसला की बाजारहाट राहिला बाजूला, मैनाबाईचे पाय त्या पाठीमागं. एकदा अशाच एका निळ्या पाठीच्या नादात ती एसटीत चढली. वीण पुरती ध्यानात आली तेव्हा चांदवड आलं होतं. मग आठवलं, आपण मेथीची जुडी आणायला निघालो होतो. आता आलोच आहोत तर म्हणून ती लांबच्या नात्यातल्या आक्काबाईकडं चहाला गेली. त्या घरात गोरक्ष नावाचा कांदे लावणारा, नाकीडोळी नीट, लग्नाचा मुलगा होता. झालं. लताचं लग्न असं जमलं. मैनाबाईचा नवरा सहादू, एसटीच्या वर्कशॉपात होता, तो ज्याला त्याला सांगायचा, "लोक हुंडा देऊन पोरगी देतात, आम्ही स्वेटरच्या मागं लागून दिली. आणि मेथी अजून यायचीच आहे."

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी सरली आणि नाशकात अशी थंडी पडली की नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं. लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायचे होते ऐन पौषात. चांदवडाहून विहीणबाईंचा, म्हणजे आक्काबाईंचा निरोप आला होता: नवं काही करायचं नाही, जुनेर मी घेऊन येते. मैनाबाई म्हणाली, हे काय मला सांगायला हवं?

आणि नेमकं तेव्हाच पंचवटीतल्या यादवशेठच्या दुकानात विणकामाचं नवं पुस्तक आलं.

यादवशेठ लोकर विकायचा. मैनाबाई त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं सांगावा धाडला, "पुस्तक एकच आहे, मैनाबाईंनी बघितल्याशिवाय कुणाला दाखवत नाही." असा मान मिळाल्यावर माणूस घरी बसतं का? मैनाबाई निघाली. लता म्हणाली मीपण. शेजारची लंकाबाई म्हणाली, "मग मी काय शेळ्या हाकत बसू?" तिच्या खरंच शेळ्या होत्या, चाळीच्या मागं. त्या सोडून ती टांग्यात चढली.

पुस्तकात बघावं तर काय! रंगीत पानं, गुळगुळीत. पानोपानी गोरी गुबगुबीत बाळं, एकाच्या अंगावर दुसऱ्याहून सरस वीण.

"ह्ये बघ, ह्ये बघ," लंकाबाई पानावर बोट आपटायची, "गालांत जणू दोन भजी कोंबल्यात! आन् ह्याच्या डोक्यावर काय, फ्लावर?"

"टोपडं आहे, मावशी."

"असलं टोपडं घालून आमच्या गावात फिरला ना, तर वांगी-बटाट्यात टाकतील त्याला."

पानांची वीण, मधाच्या पोळ्याची वीण, वेणीची वीण. मैनाबाईचा श्वास वर-खाली व्हायला लागला. आयुष्यभर लोकांच्या पाठी धुंडाळल्या आणि इथं सगळ्या पाठी एकाच पुस्तकात बसल्या होत्या, उतरून पळून न जाणाऱ्या! तिनं एक पान उलटलं आणि तिघी एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. इवल्या झबल्याच्या छातीवर द्राक्षांचा घड होता. एकेक द्राक्ष फुगलेलं, लोकरीतून वर आलेलं. जोडीला तसंच टोपडं.

"हेच," लता म्हणाली.

"रंग कुठला देऊ?" यादवशेठनं लोकरीच्या गुंड्या काढल्या. "जांभळा?"

"जांभळी द्राक्षं पुस्तकवाल्याच्या गावात," लंकाबाई म्हणाली. "आपली हिरवी. पोपटी काढा."

पोपटी निघाली. मऊ इतकी, की लतानं गालाला लावली आणि काढेना. मग यादवशेठनं विचारायचं तेच विचारलं. "कोणासाठी? त्या मापानं लोकर देतो."

मैनाबाईनं पुस्तक मिटलं. चेहराच उतरला तिचा. "राहू द्या. नंतर बघू."

"नंतर हा रंग मिळेल असं नाही, ताई. आणि थंडी तर बघा."

"नंतर म्हटलं ना."

लतानं गुंडी खाली ठेवली आणि पदर ओढून पोटावर घेतला. तिची बोटं थंडीनं निळी पडली होती. मैनाबाईला ती दिसली. त्याच बोटांएवढं कोणीतरी पौषात येणार होतं, कुडकुडत. विणलं तर ती जुनी भीती. नाही विणलं तर ही थंडी. बाई मधल्या मध्ये अडकली.

"करडासाठी!" लंकाबाई एकाएकी ओरडली.

"काय?" यादवशेठ.

"माझ्या शेळीला करडू झालंय. त्याच्यासाठी. थंडी काय माणसालाच वाजती व्हय?"

यादवशेठ मुरलेला दुकानदार. तो हसला नाही. त्यानं लोकर तोलायला घेत विचारलं, "बाह्या दोन, की चार?"

मग जे हसणं फुटलं! लता पोट धरून गल्ल्यावर वाकली, लंकाबाई पायरीवर बसली, आणि मैनाबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून नुसती हलत होती.

परतीच्या टांग्यात मैनाबाईच्या मांडीवर लोकर होती आणि विकत घेतलेलं पुस्तक. पुलावर ती म्हणाली, "लंके, आता करडाला घालावंच लागेल."

"आगं, मी आपलं बोलले."

"बोललीस ना? दुकानात, चार माणसांत. आता ते खरं करायचं. सटवाईशी थापा मारायच्या नाहीत. विणीन ते करडासाठी, घालेल ते करडू. त्याच्या अंगावरून उतरलं की जुनं झालं. आणि जुनं बाळाला चालतं."

लता म्हणाली, "आई, सासूबाईंना कळलं तर?"

"ते तेव्हा बघू."

पुस्तकात सुलट टाक्याला 'सु' आणि उलट टाक्याला 'उ' असं लिहिलेलं. मैनाबाई एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचायची आणि विणायची, "सु सु उ, सु सु उ." सहादू कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "घुबड गेलं का अजून घरातच आहे?" पहिल्याच ओळीला तिनं सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि प्रत्येक ओळ संपली की मोठ्यानं म्हणायचा परिपाठ ठेवला, "करडाचं गं बाई, करडाचं." सटवाई बहिरी असली तरी ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. सहादू म्हणाला, "माझ्या स्वेटरला बाह्या नाहीत, आणि शेरडाला द्राक्षं!"

झबलं झालं. चाळीच्या मागं लंकाबाईनं करडू धरलं, मैनाबाईनं पुढचे दोन पाय बाह्यांत घातले. काय रूप आलं म्हणता! करडानं मान वळवून स्वतःकडं पाहिलं, आणि आपल्याच छातीवर हिरवागार घड! हिरवं दिसलं की खायचं, हा करडाचा धर्म. त्यानं एक द्राक्ष दातांत धरून उपटलं.

"आगं सोड! सोड मेल्या!"

लंकाबाईचा हात सुटला आणि करडू उधळलं. चाळीतून बोळात, बोळातून थेट द्वारकेच्या नाक्यावर. ट्रक थांबले, टांगे थांबले. ड्रायव्हर लोक खिडकीतून माना काढून बघायला लागले. पोपटी झबल्यातलं करडू उड्या मारतंय, मागं दोन बायका पदर खोचून, त्यामागं लांबून "आई, सांभाळून!" ओरडणारी जड पावलांची लता. आणि त्याच घडीला चांदवडची एसटी नाक्यावर टेकली आणि तिच्यातून बोचकं काखेला मारून आक्काबाई उतरल्या.

करडू धडकलं ते त्यांनाच. आक्काबाई शेतकरीण. त्यांनी बोचकं न सोडता एका हातानं करडू उचललं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या नाशकात शेरडंबी झबली घालत्यात?"

मैनाबाईला धाप लागली होती, त्यात ही भीती. थाप मारायचं तिच्या मनातही आलं नाही. तिथंच, ट्रकांच्या भोंग्यांत, तिनं सगळं सांगितलं. पिवळ्या लोकरीपासून.

आक्काबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी झबल्यावरून हात फिरवला. "हे एक द्राक्ष कुठं गेलं?"

"करडानं खाल्लं."

"खाल्लं?"

"हो."

"म्हंजे उष्टंबी झालं." त्या विचारात पडल्या. लतानं डोळे मिटून घेतले. "उष्टं झालेलं नवं कसं असंल? जुनंच ते." मग एकाएकी त्यांनी करडाच्या डोक्याकडं बघितलं. "आन् टोपडं?"

"टोपडं घरी आहे."

"त्याला घातलं नाय?"

"कानांतून बसेना, म्हणून..."

"म्हंजे टोपडं नवंच ऱ्हायलं की! आसं आर्धं काम करू नये बाई. चला."

आणि चाळीच्या मागं, सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत असताना, आक्काबाईंनी करडाचे पाय धरले, लंकाबाईनं कान दाबले, आणि मैनाबाईनं टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधले. करडू असं ओरडलं की पंचवटीत ऐकू गेलं असावं. आक्काबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या म्हणाल्या, "माझ्या पोरासाठी मीबी लोकर आणली व्हती. भ्यायले आन् परत केली. असं शेरडू मला कुणी सुचवलं नाय."

पौषात लताच्या खोलीबाहेर मैनाबाई दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मांडीवर पिशवी, पिशवीत झबलं, पिशवीच्या तोंडावर मूठ. आक्काबाई शेजारी. मग आतून रडणं आलं, खणखणीत, भांडकुदळ. मैनाबाईची मूठ तेव्हा कुठं सुटली. नर्सबाईनं झबलं हातात घेऊन नाकाशी नेलं.

"बाई, याला कसला वास येतोय?"

"जुनं हाय ना," आक्काबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

मुलगी झाली होती. छातीवर घड, घडात एक द्राक्ष कमी.

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. चाळीत कुणाला दिवस गेले की मैनाबाईकडं पुस्तक बघायला गर्दी व्हायची, मग विणलेलं लंकाबाईच्या गोठ्यात न्यायचं आणि दक्षिणा म्हणून शेळीला मेथीची जुडी. अशी कितीतरी वर्षं गेली. लताची मुलगी शाळा शिकून मोठी झाली, पुस्तकाची पानं सुटली, ती मैनाबाईनं लोकरीनंच शिवली. लंकाबाईच्या शेळ्यांच्या पिढ्या बदलल्या. प्रत्येक नवं करडू तसंच द्राक्षांवर तोंड टाकायचं. सहादू म्हणायचा, रक्तातच आलंय त्यांच्या.

मैनाबाई गेली ती अशाच एका पौषात, दुपारची पडली ती उठली नाही. पण त्याच्या आदल्या शुक्रवारी ती यादवशेठकडं गेली होती. चाळीतल्या झुंबरच्या सुनेला दिवस होते. पूल ओलांडताना ती आता मध्ये कठड्याला टेकायची, तशी टेकली. वाटेत एक लाल पाठ दिसली, तिच्या मागं थोडी भरकटली, वीण ओळखीची निघाली म्हणून परत फिरली. दुकानात पोपटी लोकर निवडली, उजेडात नेऊन बघितली, गालाला लावली.

यादवशेठही म्हातारा झाला होता. त्यानं तराजू उचलत विचारलं, "कोणासाठी, ताई?"

"करडासाठी."

"बाह्या दोन, की चार?"

"नेहमीच्याच," मैनाबाई म्हणाली. लोकर पिशवीत टाकली, आणि मेथीची जुडी घ्यायला बाजाराकडं वळली.