आर्जियाच्या जाड पट्ट्या

बुरानो बेटावरच्या आमच्या गल्लीत नव्या सुनेची परीक्षा कार्निव्हलात होते. मोठ्या उपासाचे दिवस लागायच्या आधी घरोघरी गलानी तळतात: मैद्याच्या पातळ, कुरकुरीत पट्ट्या, वर पिठीसाखर. लाटलेली पोळी सासूने विणलेल्या लेसवर पसरायची. खालची नक्षी दिसली तर सून पास.

शेजारची आर्जिया पहिल्याच वर्षी सपशेल नापास झाली. ती खाडीपलीकडची. तिच्या माहेरी याच पट्ट्या जाड लाटतात, क्रोस्तोली म्हणतात. सासू झानेत्ताने एक मोडून बघितली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "होडीला भोक पडलं तर या ठोका गं!"

तेव्हापासून आर्जियाने क्रोस्तोलीचं नाव काढलं नाही. दरवर्षी मुकाट्याने गलानी लाटायची, नक्षी लख्ख दिसेल अशा. झानेत्ता खायची, बोटं पुसायची आणि "ठीक आहे" एवढंच म्हणायची. मला असा राग यायचा! अगं बये, एकदा तोंड भरून चांगलं म्हणालीस तर जीभ झडेल का तुझी? आर्जिया आपली म्हणायची, "जाऊ दे गं. म्हणतील कधीतरी." नवरा गेला, केस पिकले, तरी बाई वाटच बघत होती.

यंदा झानेत्ताला माणसं ओळखू येईनाशी झाली. कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी मी गेले, तर गलानीचा चुरा घशात अडकून म्हातारी खोकून खोकून लाल झालेली. ताट तिने ढकलून दिलं होतं.

आर्जिया रडवेली झाली. "उद्यापासून उपास. पुढचा कार्निव्हल या बघतील की नाही, देव जाणे. यंदाचं गोड तोंडात न पडताच राहायचं का यांनी?"

"मग तुझ्या माहेरच्या कर की."

"वेड लागलंय तुला? त्या लेसवर..."

"खड्ड्यात गेली ती लेस! घे लाटणं."

तिने जाड पट्ट्या लाटल्या, तळल्या, गोड वाइनमध्ये बुडवून मऊ केल्या आणि घाबरत घाबरत पहिला घास भरवला. म्हातारीने तो बराच वेळ घोळवला. मग तोंड उघडून दुसरा मागितला. मग आणखी एक.

"काय सुंदर केलंयस गं पोरी," ती म्हणाली. "उभ्या जन्मात असं खाल्लं नव्हतं."

मला हुंदकाच फुटला. तेवढ्यात झानेत्ताने आर्जियाला जवळ ओढलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या सुनेला मात्र सांगू नकोस हं. बिचारी इतकी वर्षं माझ्यासाठी पातळ लाटत आलीय. वाईट वाटेल तिला."

"नाही सांगणार, आई," आर्जिया म्हणाली आणि पुढचा तुकडा वाइनमध्ये बुडवला.